गेमच्या डब्यावर वय कुठून आलं? एका निळ्या बंदुकीची गोष्ट

बेळगाव : आमच्या गल्लीतल्या एका वहिनींनी परवा मला जिन्यातच गाठलं. त्यांचा मुलगा सहावीत आहे. "भाऊजी, तुम्ही पेपरवाले. मला एक सांगा, पोरगं दिवसभर मोबाईलवर गोळ्या झाडत बसतंय. सिनेमाला कसं 'ए' सर्टिफिकेट असतंय, तसं ह्या गेमला काही असतंय की नाही?"

म्हटलं, असतंय. लगेच दुसरा प्रश्न आला. "मग मला कधी दिसलं कसं नाही?"

ह्याचं उत्तर जिन्यात उभ्या उभ्या देता येण्यासारखं नव्हतं, म्हणून आज इथे लिहितो. गेमवर वयाचा शिक्का मारायची पद्धत जिथे रुजली त्या अमेरिकेत १९९३ साली जो वाद झाला, त्यात एक पार्लरमधला गोळीबाराचा गेम आणि त्याच्यासोबत घरात आलेली एक निळी प्लॅस्टिकची बंदूक होती. ती गोष्ट कळली की आपल्या मोबाईलवरचा तो बारीक आकडा कशासाठी आहे, आणि तो आपल्याला का दिसत नाही, हेही कळतं.

गेम काय होता?

गेमचं नाव 'लीथल एन्फोर्सर्स'. जपानच्या कोनामी कंपनीने तो १९९२ मध्ये पार्लरसाठी काढला. भलंमोठं कपाटासारखं मशिन, पुढे दोन बंदुका, एक निळी आणि एक गुलाबी. नाणं टाकायचं, बंदूक उचलायची आणि पडद्यावर येणाऱ्या गुंडांवर झाडायची. खेळणारा असतो शिकागोचा पोलीस. टप्पे पाच : बँकेवरचा दरोडा, चायनाटाऊनमधला हल्ला, अपहरण, अमली पदार्थांचे विक्रेते आणि शेवटी रासायनिक कारखान्यातला घातपात.

गोळीबाराचे गेम त्याच्या आधीही होते. १९८७ मध्ये टायटो कंपनीचा 'ऑपरेशन वुल्फ' आला होता, त्यात तर मशिनगन होती. पण तिथली माणसं चित्रातली होती. 'लीथल एन्फोर्सर्स'मध्ये खऱ्या माणसांचे आणि जागांचे फोटो काढून ते गेममध्ये घातलेले. आज ते बघितलं तर हसू येईल, कात्रणं चिकटवल्यासारखं दिसतं. त्या काळी मात्र पडद्यावर समोर खरा माणूस उभा आहे आणि आपण त्याच्यावर गोळी झाडतोय, असं वाटायचं.

एक गोष्ट मात्र गेमच्या बाजूने सांगितली पाहिजे. त्यात सरसकट झाडून चालत नव्हतं. गुंडांच्या मधूनच साधी माणसं धावत यायची, सहकारी पोलीसही यायचे. चुकून त्यांना गोळी लागली तर जीव कमी व्हायचा आणि हुद्दाही खाली यायचा. म्हणजे गोळी कोणावर झाडायची नाही, हेही गेम शिकवत होता. पण बघणाऱ्याच्या नजरेत काय भरणार? हातातली बंदूक आणि समोरचा फोटो.

बंदुकीला कळायचं कसं?

आमच्या पिढीला ह्या बंदुकीचं गुपित कधी उलगडलं नाही. नव्वदच्या दशकात आमच्या भागात व्हिडिओ गेमची दुकानं निघाली, तिथे टीव्हीला जोडायच्या डब्यासोबत एक बंदूक मिळायची आणि त्यावर बदकं मारायचा 'डक हंट' हा गेम चालायचा. अर्ध्या तासाच्या भाड्यासाठी आम्ही खाऊचे पैसे साठवायचो. बदक चुकतंय म्हटल्यावर बंदूक थेट टीव्हीच्या काचेला टेकवायचो, आणि दुकानदार ओरडायचा. आम्हाला वाटायचं बंदुकीतून काहीतरी किरण निघतो आणि टीव्हीला लागतो.

प्रकार नेमका उलटा होता. बंदुकीतून काहीच निघत नाही. बंदुकीच्या नळीत एक डोळा असतो आणि तो टीव्हीचा उजेड बघतो.

जुन्या काचेच्या टीव्हीत चित्र एकदम उमटत नाही. आतला किरण वरच्या डाव्या कोपऱ्यातून निघतो आणि एकेक ओळ ओढत खाली येतो. अमेरिकेतल्या टीव्हीवर सेकंदाला साधारण ६० वेळा तो पडदा पुसून काढतो, आणि सेकंदाला पंधरा हजारांहून जास्त ओळी ओढतो. आपल्या डोळ्याला सगळं एकसंध दिसतं, बंदुकीतल्या डोळ्याला दिसत नाही. चाप ओढला की गेम क्षणभर पडदा पांढरा करतो. किरण फिरत फिरत बंदुकीच्या नेमाच्या जागी आला की तिच्या डोळ्याला झळाळी दिसते. ती नेमकी कोणत्या क्षणी दिसली ह्यावरून मशिन हिशोब करतं, किरण त्या वेळी कितव्या ओळीवर आणि ओळीत कुठे होता. तीच गोळीची जागा.

'डक हंट'ची रीत थोडी वेगळी होती. तिथे पडदा आधी काळा व्हायचा, मग बदकाच्या जागी पांढरा चौकोन यायचा. बंदुकीला पांढरं दिसलं तर बदक पडलं. दोन्हीकडे तत्त्व एकच.

'लीथल एन्फोर्सर्स'मध्ये गोळ्या संपल्या की बंदूक पडद्याच्या बाहेर रोखून चाप ओढायचा. उजेड दिसला नाही म्हणजे बंदूक बाहेर वळली आहे, हे मशिनला कळायचं आणि गोळ्या पुन्हा भरल्या जायच्या. आजच्या सपाट टीव्हीत तसा फिरणारा किरणच नाही. म्हणून कोणाच्या माळ्यावर अशी जुनी बंदूक सापडली तरी ती नव्या टीव्हीवर चालणार नाही. बंदूक बिघडलेली नसते, तिला बघायला काही उरलेलं नसतं.

पार्लरमधून दिवाणखान्यात

पार्लरमधला गेम घरी आणायचा म्हणजे त्याला कात्री लावावी लागते. सेगा कंपनीच्या मेगा ड्राईव्हसाठी, अमेरिकेत ज्याला जेनेसिस म्हणायचे, तो १९९३ मध्ये आला. सेगा सीडीची आवृत्तीही त्याच वर्षी आली. सुपर निन्टेन्डोवर १९९४ मध्ये. मेगा ड्राईव्हला एका वेळी पडद्यावर जेमतेम ६४ रंग दाखवता यायचे, तेही ५१२ रंगांतून निवडून. फोटोवरच ज्याची सगळी मदार, त्या गेमला हे फारच अपुरं. चेहरे धुरकट झाले, भिंती ठिपक्याठिपक्यांच्या झाल्या. सीडीवर आवाज सुधारला, पण रंग तेवढेच. सुपर निन्टेन्डोला २५६ रंग जमायचे. पुढे १९९७ मध्ये प्लेस्टेशनवर हा गेम आणि त्याचा दुसरा भाग एकाच डब्यात मिळू लागले.

म्हणजे घरच्या आवृत्तीत चित्र फिकट झालं. हिंसा म्हणाल तर पार्लरपेक्षा जास्त काही नव्हती. मग वाद पार्लरमधल्या मशिनवर न होता घरच्या डब्यावर का झाला?

मी कॉमर्सचा माणूस, म्हणून मला ह्याचं उत्तर व्यवहारात दिसतं. पार्लरमध्ये प्रत्येक खेळाला नाणं लागतं. मशिनमालकाला गिऱ्हाईक लवकर उठायला हवं असतं, म्हणून गेम अवघड ठेवलेला असतो. जागा चारचौघांतली. गल्ल्यावर माणूस बसलेला. ओळखीचं कोणी दिसलं तर पोरगं बंदूक ठेवून पळणार. नाणी संपली की खेळ संपला. म्हणजे खर्च, वेळ आणि लोकांची नजर, असे तीन लगाम आपोआप लागलेले.

घरी डबा आला की हे तिन्ही लगाम सुटतात. पैसे एकदाच भरलेले. खेळ हवा तेवढा वेळ. आणि बघायला कोणी नाही. आई-वडिलांना एवढंच माहीत की खेळण्याच्या दुकानातून एक खेळणं आणलंय.

त्यात त्या डब्यासोबत बंदूक यायची. गेम साध्या बटणांनीही खेळता येत होता, पण मजा बंदुकीतच. रिव्हॉल्व्हरच्या घडणीची, निळ्या रंगाची. दुसऱ्या खेळाडूसाठी गुलाबी, ती वेगळी विकत घ्यायची. रंग भडक, कारण खेळण्यातली बंदूक खरी वाटू नये म्हणून अमेरिकेत १९८८ पासूनच कायदा होता. बंदुकीचं नाव ठेवलं होतं 'जस्टिफायर', म्हणजे केलेलं योग्य ठरवणारी! मुलांच्या खेळण्याला असं नाव कोणाला सुचलं असेल कोण जाणे.

सिनेटच्या टेबलावर

१९९३ च्या सप्टेंबरमध्ये 'मॉर्टल कॉम्बॅट' हा मारामारीचा गेम घरच्या यंत्रांवर आला. निन्टेन्डोने आपल्या आवृत्तीतून रक्त काढून तिथे करडा घाम दाखवला. सेगाच्या आवृत्तीत मात्र बटणांचा एक ठरावीक क्रम दाबला की रक्त यायचं. बाजाराने कौल सेगाला दिला. त्याच सुमारास सेगा सीडीवरच्या 'नाईट ट्रॅप' ह्या गेमवरही टीका सुरू होती, कारण त्यात खऱ्या नटनट्यांचं चित्रीकरण होतं.

९ डिसेंबर १९९३ ला अमेरिकी सिनेटमध्ये सुनावणी झाली. पुढाकार दोन सिनेटरांचा : कनेटिकटचे जोसेफ लिबरमन आणि विस्कॉन्सिनचे हर्ब कोल. 'मॉर्टल कॉम्बॅट' आणि 'नाईट ट्रॅप'ची चर्चा झालीच, पण लिबरमन यांनी 'लीथल एन्फोर्सर्स'ची ती निळी बंदूकही हातात धरून सगळ्यांना दाखवली. सगळा गेम समजावून सांगायची गरजच उरली नाही. हे खेळणं आपण मुलाच्या हातात देतोय, हा मुद्दा एका क्षणात पोचला.

सेगा आणि निन्टेन्डो एकमेकांचे कट्टर वैरी. निन्टेन्डोचे हॉवर्ड लिंकन म्हणाले की 'नाईट ट्रॅप' आमच्या यंत्रावर कधीही येणार नाही. सेगाचे बिल व्हाईट यांनी निन्टेन्डोचीच खांद्यावर धरायची 'सुपर स्कोप' बंदूक पुढे करून दाखवली, म्हणजे तुम्हीसुद्धा काही सोवळे नाही. दोघांनी एकमेकांची धुणी तिथेच धुतली, आणि लिबरमन यांचं काम सोपं झालं.

सेगाकडे त्या वेळी स्वतःची एक वर्गवारी होती : सर्वांसाठी, १३ वर्षांवरील आणि १७ वर्षांवरील. पण ती एकाच कंपनीची. प्रत्येक दुकानदाराने स्वतःचं वेगळं वजनमाप ठेवलं तर गिऱ्हाईकाने कुठे बघायचं? सिनेटरांचा निरोप स्पष्ट होता. सगळ्यांनी मिळून एक पद्धत आणा, नाहीतर आम्ही कायदा आणतो. १९९४ च्या सुरुवातीला तसं विधेयक मांडलंसुद्धा.

उद्योगाने मग घाई केली. १९९४ मध्ये ईएसआरबी हे वर्गवारी मंडळ उभं राहिलं. लहान मुलं, सर्व वयाचे, किशोरवयीन, १७ वर्षांवरील आणि फक्त प्रौढ, असे टप्पे ठरले. डब्याच्या पुढच्या बाजूला एक अक्षर, मागे कारण : हिंसा, रक्त, शिव्या वगैरे. पार्लरच्या मशिनसाठीही हिरवा, पिवळा आणि लाल अशी वेगळी खूण आली.

शिक्क्याने काय बदललं?

इथे एक गंमत झाली, ती समजून घेतली पाहिजे. शिक्का आला म्हणून हिंसक गेम थांबले नाहीत, उलट त्यांना वाट मोकळी झाली. ज्या निन्टेन्डोने रक्ताचा घाम केला होता, तिच्याच यंत्रावर १९९४ मध्ये 'मॉर्टल कॉम्बॅट'चा दुसरा भाग रक्तासकट आला. आणि 'कधीही येणार नाही' म्हटलेला 'नाईट ट्रॅप' २०१८ मध्ये निन्टेन्डोच्या 'स्विच'वर आला.

बी.कॉम.ला आम्हाला व्यापारी कायद्यात एक तत्त्व शिकवलं होतं : विकत घेणाऱ्याने डोळे उघडे ठेवावेत. शिक्का म्हणजे तेच. कंपनी म्हणते, आत काय आहे ते आम्ही लिहून दिलं, आता जबाबदारी तुमची. वरवर बघता तो इशारा वाटतो. व्यवहारात बघता ती जबाबदारीची बदली आहे, कंपनीच्या खात्यातून आई-वडिलांच्या खात्यात.

ती बदली चालते कधी? मधला दुकानदार प्रामाणिक असेल तेव्हा. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने अल्पवयीन मुलांना दुकानात पाठवून हे तपासलं. २००० साली १७ वर्षांवरचा गेम एकट्या मुलाला विकत मिळाल्याचं प्रमाण ८५ टक्के होतं. म्हणजे शिक्का होता, पण कोणी बघत नव्हतं. २०११ च्या अहवालात हेच प्रमाण १३ टक्क्यांवर आलं. शिक्का तोच. फरक पडला तो दुकानदार वय विचारू लागला म्हणून.

कॅलिफोर्नियाने २००५ मध्ये एक पाऊल पुढे टाकून अशा विक्रीवर दंडाचा कायदा केला होता. तो २०११ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ७ विरुद्ध २ मतांनी रद्द केला. पुस्तकं आणि सिनेमांसारखंच गेमलाही अभिव्यक्तीचं संरक्षण आहे, आणि गेममुळे मुलं हिंसक होतात हे पुराव्याने सिद्ध झालेलं नाही, असं न्यायालयाने म्हटलं. म्हणून गेम खेळला की मुलगा बिघडलाच, असं मी वहिनींना सांगणार नाही. पण सहावीतल्या मुलाने काय बघावं हे ठरवायला कोर्टाचा पुरावा लागत नाही, एवढंही मला कळतं.

आपल्याकडे काय?

आपल्या देशात सिनेमाला सेन्सॉर बोर्डाचं प्रमाणपत्र लागतं, ते थिएटरच्या पडद्यावर आधी दिसतं. गेमसाठी तसं बोर्ड आपल्याकडे नाही. आपल्याकडे बऱ्याचदा काय होतं, तर आधी दुर्लक्ष आणि मग एकदम बंदी. मार्च २०१९ मध्ये गुजरातेत राजकोट पोलिसांनी पबजी खेळण्यावर बंदी घातली आणि खेळताना सापडलेल्या तरुणांना अटकही केली. सप्टेंबर २०२० मध्ये केंद्राने पबजी देशभर बंद केला, पण कारण हिंसेचं नव्हतं, माहितीच्या सुरक्षिततेचं होतं. त्याचा भारतीय अवतार २०२१ मध्ये आला, २०२२ मध्ये बंद झाला आणि २०२३ मध्ये परत आला. परतताना १८ वर्षांखालच्यांना दिवसाला तीन तासांची मर्यादा घातली गेली. रक्ताचा रंगही लाल नाही, हिरवा. तीस वर्षांपूर्वी निन्टेन्डोने जे केलं, तेच पुन्हा.

आणि आता वहिनींचा मूळ प्रश्न. शिक्का दिसला कसा नाही? कारण डबाच उरला नाही. प्ले स्टोअरवर प्रत्येक गेमच्या पानावर वयाचा आकडा असतो : ३+, ७+, १२+, १६+, १८+. पण तो नावाखाली बारीक अक्षरात. गेम फुकट, म्हणून पैसे मोजताना जो विचार होतो तोही होत नाही. दुकानदार नाही, गल्ला नाही, पैसे नाहीत. १९९३ मध्ये तीन लगाम सुटले होते, मोबाईलने चौथाही सोडला : तेव्हा निदान एकच टीव्ही होता, तोही घराच्या मधोमध. बाहेरून जाता-येता दिसायचं पोरगं काय करतंय ते. आता पडदा पोराच्या मुठीत आणि आवाज त्याच्या कानात.

वहिनींना काय सांगितलं?

संध्याकाळी त्यांच्याकडे चहाला गेलो. मोबाईल घेतला. प्ले स्टोअर उघडून मुलगा खेळतो त्या गेमचं पान काढलं आणि आकडा दाखवला : १६+. वहिनी दोन मिनिटं बघतच राहिल्या. "एवढं बारीक?"

मग प्ले स्टोअरच्या सेटिंगमध्ये फॅमिली, त्यात पॅरेंटल कंट्रोल्स, तिथे त्यांनाच एक पिन टाकायला लावला आणि वयाची मर्यादा लावून दिली. ह्याने नवीन गेम घेताना अडतं. आधीच घेतलेला गेम मात्र आपणच काढायचा. पिन पोराला सांगायचा नाही, आणि स्वतः विसरायचाही नाही.

मुलगा शेजारी तोंड फुगवून बसला होता. त्याला विचारलं, तुझ्या गेममध्ये चुकून साध्या माणसाला गोळी लागली तर काय होतं? तो म्हणाला, "काका, त्यात साधी माणसंच नसतात. सगळे शत्रूच असतात."

वहिनींनी चहाचा कप खाली ठेवला. मग त्यालाच म्हणाल्या, "हे मला आधी सांगितलं असतंस तर?" तो म्हणाला, "तू कधी विचारलंसच नाही."

पार्लरच्या गल्ल्यावर बसलेला माणूस आता कुठेच नाही. त्याची खुर्ची आपल्या घरात आली आहे, आणि तिच्यावर कोणीतरी बसायला हवं. रोज नाही जमलं तर आठवड्यातून अर्धा तास पोराच्या शेजारी बसा आणि तो काय खेळतो ते त्याच्याकडूनच समजून घ्या. आमच्या गल्लीत एका घरात तरी ह्या रविवारपासून ते सुरू झालंय.